बुजवलेल्या विहिरीचं कारलं

शेवयांचं उकळतं पाणी मी चाळणीतून ओतलं आणि सिंकचा पत्रा 'डुब्ब' करून वाजला. रोजचाच आवाज. पत्रा तापतो, फुगतो, वाजतो. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातही वाजायचा आणि ती हात न थांबवता 'हो हो, भाजलं का' असं त्याला म्हणायची. पण आज घरात इतकी शांतता होती की तो आवाज सिंकचा न वाटता खालच्या फरशीचा, फरशीच्याही खालचा वाटला. सप्टेंबरची दुपार. सुट्टीनंतर बालवाडी सुरू होऊन आठवडा झालेला आणि माझी लेक नाओ खोकल्यामुळे आजही घरीच, मागच्या पडवीत चटईवर झोपलेली. तिची झोप मोडली की काय म्हणून मी चाळणी तशीच हातात धरून दाराशी गेले. तिचे डोळे मिटलेले होते. पोटावरचा पातळ टॉवेल वर होत होता, खाली होत होता, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी ती बारीक शिटी, जी गेले तीन महिने मी स्वतःच्या नाडीसारखी ऐकते आहे. मी वळणार, तेवढ्यात ती डोळे न उघडता, झोपेत कुणी 'पाणी' म्हणावं तितक्या सहज म्हणाली, "खालची उठली."

चाळणीतून थेंब माझ्या पायावर पडत होते, कोमट. हा शब्द मी मे महिन्यापासून ऐकला नव्हता. तो गेला, असं मी धरून चालले होते. मुलांचे शब्द जातात तसे. दुधाच्या दाताबरोबर, लहान झालेल्या बुटांबरोबर. दोन वर्षांपूर्वी आम्ही हे जुनं घर घेतलं तेव्हा नाओ तीन वर्षांची होती आणि मागच्या अंगणात, पूर्वेच्या कोपऱ्यात, मातीतून एक राखाडी प्लास्टिकची नळी वर आलेली होती. मनगटाएवढी जाड, वीतभर उंच. कागदपत्रांत एक ओळ होती: जुनी विहीर रीतसर बुजवली आहे, श्वासाची नळी ठेवली आहे. दलालाने ती ओळ इतर ओळींसारखीच वाचली, छपराची गळती आणि गटाराची जोडणी यांच्या मधोमध, आणि माझ्या नवऱ्याने, तात्सुयाने, मान हलवली. विहीर बुजवताना तिला श्वास घ्यायला नळी ठेवतात हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, जसं नव्या वर्षी घंटा वाजवतात हे माहीत असतं. तात्सुया त्या नळीवर आपली टोपी अडकवायचा. पुढच्या वसंतात त्याची सेंदाईला बदली झाली, तो एकटा गेला, महिन्यातून दोनदा येऊ लागला, आणि टोपीची जागा रिकामी झाल्यावर नाओने ती नळी घेतली.

ती तिच्याशी बोलायची. बालवाडीतून आली की दप्तर टाकून थेट कोपऱ्यात, उकिडवी बसून, दोन्ही हातांनी नळीचं तोंड धरून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. आधी मजा वाटायची. तात्सुयाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, चला, माझ्यापेक्षा तिला स्वस्तातला फोन मिळाला. पण मी विचारलं, आज शाळेत काय केलंस, की नाओ म्हणायची, विसरले. डब्यात काय काय संपवलं? विसरले. रिकोशी भांडण झालं का? विसरले. आणि तीच पोर दहा मिनिटं त्या नळीत कुजबुजायची, मध्येच थांबायची, ऐकायची, हसायची. कोण आहे गं तिथे, असं एकदा विचारलं तर म्हणाली, खालची. तिला काय सांगतेस? तर तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाचं तरी पत्र उघडताना सापडले होते. एका दुपारी ती शाळेत असताना मी जाऊन नळीला कान लावला. आत श्वास होता. लांब, सावकाश. माझाच परत येत असणार, असं मी स्वतःला सांगितलं, आणि खात्री करायला श्वास रोखून धरला. पण मग मी नीट ऐकलंच नाही. उठले आणि गुडघ्यांची माती झटकत आत गेले. त्या क्षणाबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही. मे महिन्यात मी नळी कापली ती भाजीच्या वाफ्यासाठी, असंच सगळ्यांना सांगितलं. वाफ्याला ती कुठेच आड येत नव्हती.

आमच्या आंग्यो गावात दर चार पावलांवर एक रोपवाटिका आहे, पण मी जाते ती मोगी आजींकडे. त्यांच्या फाटकाला एक फळा टांगलेला असतो आणि त्यावर त्या आठवड्याचं काय करायचं, काय नाही, ते खडूने लिहिलेलं. त्या रोप विकण्याआधी उलटतपासणी घेतात: कुठल्या बाजूला लावणार, ऊन किती वाजेपर्यंत, आधी तिथे काय होतं. टोमॅटो मागितला की ठरलेलं वाक्य: "पाणी बेतानं. जरा रडू द्या त्याला. नवऱ्यासारखा लाडावला की नुसता पाला, फळ नाही." मे महिन्यातल्या मोठ्या सुट्टीत फळ्यावर होतं, पाच तारखेपर्यंत खोल खणू नका, खणायचंच असेल तर मोकळे दिवस आत येऊन विचारा. ऋतू बदलण्याआधीचे ते अठरा दिवस, दोयोचे. मातीचा देव मातीत वावरत असतो म्हणे, त्याच्या अंगावर कुदळ पडू नये. आणि नेमकी तेव्हाच सुट्टी, तेव्हाच टीव्हीवर टोमॅटो लावायचे कार्यक्रम, तेव्हाच सगळं गाव कुदळ घेऊन अंगणात. त्या दिवशी तीन तारीख होती. कारल्याची सहा रोपं माझ्या टोपलीत घालताना आजींनी विचारलं, "वहिनी, खणणार नाही ना?" मी म्हटलं, नाही, कुंड्यांतच लावणार आहे. इतक्या सहज बोलून गेले की खोटं बोलल्याचं मला घरी येईपर्यंत कळलं नाही.

तात्सुया नाओला नदीकाठी पतंग दाखवायला घेऊन गेला होता. माझ्याकडे दीड तास होता. त्याची छोटी करवत घेतली. प्लास्टिक कापताना किंचाळत होतं, तेव्हा मी मध्येमध्ये थांबत होते, शेजारी ऐकतील म्हणून. जमिनीच्या जरा खालपर्यंत उकरून कापली. काळं तोंड उरलं. त्यात माती ढासळत राहील, वाफा खचेल, म्हणून काहीतरी बोळा कोंबायला हवा होता. फडक्यांच्या डब्यात हात घातला तर नाओचा पाळणाघरातला एक मोजा हाताला लागला. पिवळा. टाचेवर बदक. दोनदा घडी घालून तो नळीत बसवला, अंगठ्याने दाबला, वर फुटक्या कुंडीचा तुकडा, त्यावर माती, त्यावर सहावं कारलं. हात धुतले. मुलगी आली तेव्हा मी बाकीच्या पाच रोपांना काठ्या लावत होते. ती कोपऱ्याशी गेली, उभी राहिली. रडेल, विचारेल, म्हणून मी वाक्यं तयार ठेवली होती. तिने आपली लाल झारी भरून आणली आणि त्या सहाव्या रोपाला पाणी घातलं, अगदी हळू, जसं झोपलेल्याच्या तोंडात औषध घालतात. त्या संध्याकाळी तिने मला शाळेतलं सगळं सांगितलं. डब्याचं, रिकोचं, कोण कुणाशेजारी बसलं ते. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटावी.

खोकला जूनमध्ये सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, ओल, बुरशी, जुनं घर. पडदे धुवा, चटया उन्हात टाका. मी पडदे धुतले. चटया टाकल्या. सकाळ-संध्याकाळ तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ. नाओ वाफेतून माझ्याकडे मोठे डोळे करून बघते आणि मी मोजत राहते, एक, दोन, दहा. आता वाटतं की या तीन महिन्यांत मी हिच्याकडे नीट बघितलंच नाही, फक्त ऐकलं. शेवया मोकळ्या होऊन चाळणीत गोळा होत होत्या. मी त्या तिथेच ठेवल्या आणि तिच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. हाडं पाखराची. आत काहीतरी अरुंद वाटेने ये-जा करत होतं. वर, खाली. शिटी. वर, खाली. समोर जाळीवर कारल्याचा हिरवा पडदा चढलेला, पाच वेली पिवळट पडून, फळं देऊन दमलेल्या, आणि सहावी, कोपऱ्यातली, अजून गर्द. तिने उन्हाळाभर एकही कारलं दिलं नाही. नुसता पाला, मी विनोदही केला होता, तिच्यात नवरा शिरलाय म्हणून. वारा नव्हता. पाच वेलींची पानं चित्रातल्यासारखी स्तब्ध होती, आणि सहावीची हलत होती. फडफडत नव्हती; उचलली जात होती, सगळी मिळून, आणि खाली येत होती. शेजारच्यांच्या एसीचा झोत असेल म्हणून मी तिकडे पाहिलं. त्यांचा पंखा बंद होता, त्याच्यावर मांजर झोपलं होतं. पुन्हा पानांकडे पाहिलं. वर, खाली. मग मला कळलं की मी दोन गोष्टी बघत नाही आहे. माझ्या तळहाताखाली जे वर येत होतं तेच तिथे वर येत होतं. नाओला झोपेत ठसका लागला, श्वास क्षणभर अडकला. पानं थांबली.

मी तिला उठवलं. चल, आपण मोगी आजींकडे जाऊ, कारल्याला रोग पडलाय. रोगाचं निमित्त मी जाता जाता शोधलं. सायकलवर बसवताना सहाव्या वेलीचं एक पान तोडून पिशवीत टाकलं. तोडताना देठातून हवा सुटल्यासारखा आवाज झाला, पण त्यावर मी आता शपथ घेणार नाही. नाओ मागच्या सीटवर हेल्मेट घालून बसली आणि रस्ताभर पाट्या वाचत राहिली. हा उन्हाळा तिचा अक्षरांचा. दुधाच्या खोक्यापासून स्मशानाच्या कमानीपर्यंत काही सोडत नाही, प्रत्येक अक्षराला बोट लावून, मोठ्याने. फाटकाशी उतरल्या उतरल्या फळ्यापुढे उभी राहिली. मुळ्याचं बी दहा तारखेच्या आत, असं होतं. पालक विषुवदिनानंतर. आणि शेवटची ओळ तिने सावकाश सोडवली, एकेक अक्षर दातांत धरून: "वां-गी छा-ट-ली न-स-ती-ल त-र रा-हू द्या. आ-ता उ-शी-र झा-ला." मग माझ्याकडे वळून हसली, बरोबर वाचलं ना, म्हणून.

मोगी आजी शेवंतीच्या कुंड्यांत बसल्या होत्या. खोकला ऐकूनच म्हणाल्या, आली का माझी शिट्टीवाली आगगाडी, आणि नाओला त्यांच्या टोपलीतली एक नाशपती दिली. मी पान पुढे केलं. त्यांनी ते उलटं केलं, चुरगाळलं, हुंगलं. कारल्याच्या पानाला कडवट हिरवा वास येतो. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की याला तो नव्हता. कुठल्या बाजूची वेल, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पूर्वेचा कोपरा.

"तिथं तर नळी होती."

त्यांना कसं माहीत, असं माझ्या तोंडावर आलं असणार. आमच्या आधी त्या घरात राहणारी म्हातारी त्यांची मैत्रीण होती. विहीर बुजवली त्या दिवशी मीठ आणि मद्य ओतायला आजीच होत्या. मी म्हटलं, नळी आड येत होती, कापली. कधी, ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर काही मोजलं नाही, तीन मे म्हटल्यावर फक्त माझ्याकडे बघितलं, आणि कुंड्यांचं ते खोटं आमच्या दोघींमध्ये येऊन बसलं. मला वाटलं आता टोमणा येईल. त्या शेवंतीची वाळकी पानं खुडत सांगू लागल्या, पावाचा भाव सांगावा तशा आवाजात. तो मातीतला आहे ना, तो वसंतात चुलीत राहतो, उन्हाळ्यात दारात, शरदात विहिरीत उतरतो, थंडीत अंगणात. माझी सासू सांगायची, मी तुम्हाला सांगते, पटत नसेल तर इथेच सोडून जा. जुन्या पंचांगाने शरद लागून महिना होऊन गेला. आता जो उतरायचा तो उतरला, आणि दार बंद.

"तोंड तरी उघडं ठेवलंत ना, वहिनी?"

मी म्हटलं, माती पडेल म्हणून बोळा घातला.

"कसला बोळा?"

"जुना मोजा."

"कुणाचा?"

नाओ नाशपती खात होती, रस हनुवटीवरून ओघळत होता, आणि ती आमच्याकडे नाही, कुंडीतल्या पाटीकडे बघत होती. आजींनी माझ्या नजरेचा माग काढला. मग खूप हळू, जवळजवळ प्रेमाने, त्यांनी ती गोष्ट विचारली जी विचारेपर्यंत माझ्या मनातही आली नव्हती. "त्यावर नाव होतं का?"

पाळणाघराचा नियम असतो. प्रत्येक वस्तूवर नाव. टोपी, टॉवेल, चमचा, प्रत्येक लंगोट, प्रत्येक मोजा, डावा आणि उजवा वेगळा. नाओ एक वर्षाची असताना, मी पुन्हा कामाला लागणार होते त्याच्या आदल्या दिवशी, ती झोपल्यावर मी काळा मार्कर घेऊन बसले होते. बेचाळीस वस्तू. शेवटी हात आपोआप चालत होता: कुबोता नाओ, कुबोता नाओ, कुबोता नाओ. तळव्याच्या बाजूला लिहायचं, म्हणजे धुण्यात लवकर जात नाही. लिहिता लिहिता मला रडू आलं होतं, कारण तोपर्यंत ते नाव फक्त मी हाक मारायचं होतं आणि आता ते परक्यांनी वाचायचं झालं होतं. मी आजींना म्हटलं, हो. होतं.

त्यांनी हात झटकले. उठून मांडवामागे गेल्या, हिरव्या बांबूचा हातभर तुकडा घेऊन आल्या, सळईने त्याची आतली पेरं फोडली, उजेडाकडे धरून आरपार बघितलं आणि माझ्या सायकलच्या टोपलीत ठेवला. हा बसवा, म्हणाल्या. आणि ते नाव काढून घ्या. "आजच. उजेड आहे तोवर. आणि पोरीला हाक मारू नका तिथं."

परतताना नाओ काही वाचत नव्हती. मी पुन्हा पुन्हा मागे हात नेऊन तिचा पाय धरून बघत होते. माझं एक मन म्हणत होतं, एका म्हातारीच्या सासूच्या गोष्टीसाठी तू पॅडल मारते आहेस. दुसरं फक्त मारत होतं. घरी तिला पडवीत बसवलं, शेवयांचा वाडगा दिला, जवाचा गार चहा दिला, आणि हलू नकोस असं सांगितलं. नावाने हाक मारली नाही. वेल बुडाशी कापली तेव्हा वरची पानं लगेच पडली नाहीत, थोडा वेळ तशीच उभी राहिली. माती कोमट होती, हाताला सैल लागत होती, मुळं मात्र चिवट, पांढरी, एकाही मुळाने बाजूला जायची इच्छा धरली नव्हती. सगळी सरळ खाली, कुंडीच्या तुकड्याला बोटांसारखी धरून. मी ती एकेक सोडवली. तुकडा उचलला. खाली नळीचं तोंड, मी कापलं होतं तसंच खरबरीत. काळं. त्यात मोजा नव्हता.

मी तो अंगठ्याने दाबून घट्ट बसवला होता. मला आठवत होतं, अंगठ्याला आठवत होतं. कापड कुजलं असेल, असं म्हणावं तर कडेला एक धागाही नव्हता, पिवळा किंवा कुठलाच. मी बोटं जुळवून हात घातला. आधी बोटं, मग अंगठ्याच्या बुडापर्यंत. प्लास्टिक गुळगुळीत, कोरडं, आणि हात जिथे संपत होता तिथे पुढे नुसतं मोकळं. बोटं ताणली. काहीतरी होतं तिथे, वस्तू नव्हे, हलणारी हवा. ती बोटांच्या फटींतून वर येत होती की खाली ओढत होती, ते कळेपर्यंत मी हात काढून घेतला होता. मातीत बसून राहिले. कपाटाच्या तळाशी जोडीतला दुसरा मोजा असणार, उजवा. त्यावरही मीच लिहिलेलं. तो जाळावा की जपावा, मला सुचेना. मग बांबू नळीत बसवला, भोवती माती दाबली, आजींनी सांगितलं तसं तोंड वर, मोकळं.

केव्हातरी मला जाणवलं की मागे काहीच ऐकू येत नाही. शिटी नाही. खोकला नाही. तीन महिने मी जी शांतता मागत होते ती माझ्या पाठीशी येऊन उभी होती आणि मला वळायचं धैर्य होत नव्हतं. वळले. नाओ अनवाणी, माझ्या अगदी मागे, ओठाला शेवईचा तुकडा चिकटलेला. मी तिच्या छातीवर मातीचा हात ठेवला. आधी काही लागलं नाही. मग लागलं, खोल, रुंद, बिनआवाजाचं. तिचं तोंड गुलाबी होतं. ती माझा हात बाजूला करून उकिडवी बसली, दोन्ही मुठींत बांबू धरला, कान लावला आणि खूप वेळ ऐकत राहिली. मला तिला ओढून घ्यायचं होतं. नावाशिवाय कशी ओढायची, ते मला येईना.

"माझा मोजा होता ना यात," ती म्हणाली.

"हो."

"माझं नाव लिहिलेला."

"हो गं."

तिने बांबूच्या तोंडावर बोट ठेवलं, फळ्यावर अक्षराखाली ठेवते तसं, आणि विचारात पडली. मग मान वर करून, अगदी मनापासून, मला माहीतच असणार अशा खात्रीने, तिने विचारलं, "आई, खालचीला वाचता येतं का?"